दुपारची उघडी खिडकी

त्या दिवशी मी नववीच्या वर्गात रेखांश शिकवत होतो. फळ्यावर पृथ्वीचा गोल काढला होता, त्याच्या अर्ध्या भागात आडव्या रेघा मारून रात्र दाखवली होती, आणि शिपाई दारात येऊन नुसताच उभा राहिला. वैशालीच्या कॉलेजमधून फोन होता. मॅडमना तास चालू असताना चक्कर आली, दवाखान्यात नेलंय, लगेच या... मी पोचलो तेव्हा सगळं संपलेलं होतं. डॉक्टर हृदयाबद्दल काहीतरी सांगत होते. माझ्या बोटांना खडू तसाच होता, एवढं मला आठवतं. ती बेचाळीस वर्षांची होती.

याला आता सात आठवडे झाले. तिच्या कॉलेजात शोकसभा झाली, तिथे एक ज्येष्ठ प्राध्यापक फार मनापासून बोलले. म्हणाले, "मॅडम म्हणजे साधेपणा. जळगाव, धुळे, फार तर पुणे... यापलीकडे त्यांनी जग पाहिलं नाही, पण आपल्या विद्यार्थ्यांना जग दाखवलं." लोकांनी माना हलवल्या. मी पहिल्या रांगेत हात जोडून बसलो होतो. तिथेच उठून सांगायला हवं होतं. मी उठलो नाही. आम्हाला मूलबाळ नाही, तिचे वडीलही गेले. मी बोललो नाही तर ही गोष्ट सांगणारं कुणी उरणार नाही, हे त्या खुर्चीत बसून मला कळत होतं आणि तरी मी उठलो नाही. म्हणून आज लिहितो आहे.

माझी पत्नी वैशाली बारा वर्षांपूर्वी इटलीतल्या फेरारा नावाच्या एका लहान शहरात एक सत्र शिकून आली. ही गोष्ट इतकी वर्षं मी बाहेर कुणालाही ठाऊक होऊ दिली नाही.

ती रावेरकडची, केळीवाल्या घरातली. फळ झाडावरून उतरल्यावर त्याचं काय काय होतं, ते कसं पिकतं, कसं टिकतं, याचं तिला लहानपणापासून वेड. लग्नानंतर पाच वर्षांनी तिने पुण्यात एका संस्थेत याच विषयात एम. एस्सी.ला नाव घातलं. चोपड्याजवळच्या आमच्या गावात तेवढ्यानेच पुष्कळ चर्चा झाली होती. त्या संस्थेतून दर वर्षी एका विद्यार्थ्याला एका सत्रासाठी फेराराला पाठवत, तिकडचा एक इकडे येई. फेराराच्या आसपास नाशपातीच्या बागा, फळांची मोठाली शीतगृहं. वैशालीचं नाव निघालं. ती पत्र घेऊन जळगावला आमच्या घरी आली, दारातच चपला काढता काढता म्हणाली, "अहो, मला नेताहेत." मला आनंद झाला, खोटं सांगत नाही. पण रात्रीच्या जेवणापर्यंत त्याची भीती झाली होती. माझ्या धाकट्या बहिणीचं, मनीचं, धुळ्याच्या एका घराशी जमत होतं. बैठकीत मुलाच्या काकांनी विचारलं होतं, "सूनबाई दिसल्या नाहीत?" पुण्याला शिकतात म्हटल्यावर ते "हं" एवढंच म्हणाले होते. त्या "हं"च्या पुढे इटली कशी ठेवायची, ते मला समजेना. मी तिला म्हटलं, "तू जा. पण सगळ्यांना पुणेच सांगू." तिने एकच विचारलं, "किती दिवस?" मी म्हटलं, "मनीचं लग्न होईपर्यंत." ती म्हणाली, "बरं."

माझ्या जेवणाचे हाल नकोत म्हणून आई गावाहून जळगावला राहायला आली. दर रविवारी संध्याकाळी आठला लॅपटॉपवर वैशालीशी बोलणं व्हायचं. कधी आई आणि मी, कधी धुळ्याची मावशी, कधी शेजारच्या दोघी. मी भूगोलाचा मास्तर. इथे रात्रीचे आठ म्हणजे तिथे दुपारचे साडेतीन, लख्ख उजेड. मीच तिला सांगितलं, खिडक्या लाव, दिवा लाव, मागे पांढरी चादर टांग. वर्गात मी जे ज्ञान मुलांना देतो, त्याचा उपयोग मी बायकोला भर दुपारी अंधारात बसवायला केला. ती बसायची. हसतमुख. "जेवणं झाली का आई?" विचारायची. पुण्याला कुणी जाणारं कळलं की आई डबा भरायची: ज्वारीच्या बिबड्या, शेवेचं पुडकं, कधी खापरावरचे मांडे. तो डबा "पोचवण्या"चं काम माझ्याकडे. मी तो शाळेत नेऊन मधल्या सुट्टीत एकटा खायचो आणि तिला कळवायचो, या वेळी बिबड्यांत जिरं जास्त होतं. रविवारी ती म्हणायची, "आई, बिबड्या छान झाल्या, जिरं मात्र जरा जास्त पडलं." एकदा बोलणं चालू असताना तिकडे चर्चच्या घंटा सुरू झाल्या, आणि थांबेचनात. आई आपल्या अहिराणीत म्हणाली, "कोनतं देऊळ शे वं?" वैशाली क्षणभरही अडखळली नाही. "जवळच आहे आई, फार जुनं आहे." म्हणजे ती खोटंही बोलली नाही. मी मात्र कपाळाचा घाम पुसत होतो.

ती परत आली तेव्हा मी मुंबईला आणायला गेलो. जळगावच्या गाडीत आम्हाला समोरासमोरच्या खिडक्या मिळाल्या. त्या प्रवासात ती जे बोलली, ते मी आजवर इतक्या वेळा मनात उगाळलं आहे की त्या शहरात मीच राहून आलो असं कधी कधी वाटतं. शहराभोवती विटांचा कोट आहे आणि त्यावर झाडं आहेत, लोक संध्याकाळी कोटावरून चालतात. हिवाळ्यात धुकं असं की समोरच्याची सायकल आधी ऐकू येते, मग दिसते. तिथे सगळेच सायकलवर, म्हाताऱ्या बायकासुद्धा एका हातात छत्री धरून. तिची घरमालकीण चौऱ्याहत्तर वर्षांची, पूर्वी नाशपाती निवडायच्या कारखान्यात होती. तिने वैशालीला तिसाव्या वर्षी सायकल शिकवली, मागून कॅरिअर धरून पळत. हाताने देठाजवळ दाबून फळ कोणत्या दिवशी पिकेल ते सांगायची ती, आणि वैशाली नुसत्या वासावरून. दोघी पैज लावायच्या. परीक्षा तोंडी असायची, तीन प्राध्यापकांसमोर. हिची इटालियन भाषा तुटकी. घाबरून ती विषय सोडून आपल्या वडिलांच्या केळीबद्दल बोलायला लागली: घड कधी उतरवायचा, वखारीत कसा रचायचा, हाताला ऊब किती लागली की पालटायचा... तिघांनी वह्या पुढे ओढून लिहून घ्यायला सुरुवात केली. तीसपैकी तीस गुण. मी माझ्या बायकोकडे बघत होतो. पाच वर्षं एका घरात राहून मी या बाईला पाहिलंच नव्हतं, असं वाटत होतं.

आणि मग तिने रविवारचं सांगितलं. पहिल्या रविवारी घरमालकिणीने विचारलं, बाहेर इतकं ऊन आहे, खिडकी का लावतेस? वैशाली म्हणाली, माझ्या घरी आत्ता रात्र आहे. म्हातारीने पुढे काही विचारलं नाही. पण त्यानंतर दर रविवारी साडेतीनला ती स्वतः यायची, खिडकीची पट्ट्यापट्ट्यांची लाकडी दारं ओढून घ्यायची, आणि बाहेर जिन्यावर बसून राहायची, मध्ये कुणी येऊ नये म्हणून. बोलणं संपलं की आत येऊन दोन्ही दारं धाडकन उघडायची आणि म्हणायची, "एक्को!" म्हणजे, हे बघ, आलं. सगळी खोली एकदम उन्हाने भरायची.

चाळीसगाव मागे पडलं तसा वैशालीने केसांना नीट रुमाल बांधला. म्हणाली, "बस. आता पुणे." घरी आईने तिला फक्त विचारलं, "तठे थंडी व्हती का?" ती म्हणाली, "होती आई."

मनीचं लग्न झालं. पाठवणीच्या दुसऱ्या दिवशी वैशालीने विचारलं, "आता सांगायचं?" मी म्हटलं, थोडं थांब. मनीचं बाळंतपण झालं, तिने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, थोडं थांब. मग तिला इथल्या कॉलेजात नोकरी लागत होती आणि संस्थेच्या मंडळावर मनीचे चुलत सासरे होते. अर्जात तिने फेराराचं सत्र लिहिलं नाही. या वेळी तिने विचारलंही नाही. ते प्रमाणपत्र मला तिच्या जाण्यानंतर कपाटात साड्यांच्या खाली सापडलं, अगदी सपाट, एक घडी न पडलेलं.

तिने मला बोल लावला तो बारा वर्षांत एकदाच. मे महिना होता. जळगावच्या उन्हाळ्यात दहा वाजता घरोघरी खिडक्या लागतात, त्या सूर्य कलल्यावरच उघडतात. वैशाली मात्र दुपारी तीनच्या सुमारास पश्चिमेच्या खोलीतली खिडकी उघडायची आणि तिथे पेपर तपासत बसायची. झळा आत यायच्या, कागद करपतील असं वाटायचं. मी उठून लावायचो, ती उघडायची. एकदा मी चिडून म्हटलं, "वेड लागलंय का तुला?" ती मान वर न करता म्हणाली, "दुपारी रात्र करायचं माझं करून झालंय." मी त्यानंतर त्या खिडकीला हात लावला नाही.

हे लिहिण्याआधी मी धुळ्याला जाऊन मनीला सगळं सांगितलं. ती भांडी आवरत होती, थांबली. "भाऊ, माझं लग्न तुला निमित्त झालं," ती म्हणाली. "माझ्या सासऱ्यांना कळलं असतं तर त्यांनी गावभर पेढे वाटले असते. घाबरलास तू."

मग आईला सांगायला बसलो. आई आता माझ्याकडेच आहे. मी सुरुवात केली, आई, वैशाली तेव्हा पुण्याला नव्हती... आई गहू निवडत होती. म्हणाली, "माले ठाऊक शे." कसं, म्हटलं. "आठे रात, आन् तिना बांगड्यासवर ऊन पडेल व्हतं. पट्टा पट्टा. पुनाले काय रातले ऊन पडस का रे?" पहिल्याच रविवारी तिने ते पाहिलं होतं. मग विचारलं का नाहीस? ती म्हणाली, "जठे ऊन शे, तठे पोर शे. हासी राहिनी. मंग काय इचारानं?" आणि मग सुपातला खडा बाजूला टाकत, "बिबड्या तूच खाई टाकात ना? मी तुनाकरताच भरू डबा." मी हसायला गेलो आणि मला रडू आलं. मी ज्या दोघींना सांभाळतो आहे असं समजत होतो, त्या दोघी एकमेकींशी एक शब्दही न बोलता बारा वर्षं मला सांभाळत होत्या. एकीने अंधारात बसून, एकीने ऊन पाहूनही न पाहिल्यासारखं करून. एवढ्या मोठ्या मनाच्या बायका माझ्या घरात होत्या आणि मी "हं" म्हणणाऱ्या माणसाला भ्यालो.

एप्रिल लागला आहे. आई सकाळी दहाला घरभर फिरून खिडक्या लावते. पश्चिमेच्या खोलीपर्यंत जाते आणि तशीच परत येते. काल रविवार. दुपारी तीनला मी ती खिडकी पूर्ण उघडली आणि वैशालीच्या खुर्चीत बसलो. टेबलावर तिची लाल शाईची पेनं अजून आहेत. आई मागून आली, दाराला टेकून उभी राहिली. तिने विचारलं, "तिना त्या गावमा आते कितला वाजनात?"

इतक्या वर्षांत मला हा प्रश्न घरात पहिल्यांदाच कुणी विचारला होता. मी हिशेब केला.

"साडेअकरा," मी म्हटलं. "सकाळचे. गावाचं नाव फेरारा."

"ऊन व्हई?"

"असेल आई. भरपूर."