वहीतली बाई

आमचा धाकटा भाऊ चित्रकार आहे म्हटलं की लोक उगाच भुवया उंचावतात. तसलं काही नाही हो. फ्रेमवाल्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसतो आणि लोकांनी आणलेल्या चुरगळलेल्या फोटोंवरून पेन्सिलीने मोठे चेहरे काढतो. बहुतेक गेलेल्या माणसांचे. बोलायचं म्हटलं तर तोंडात मिठाची गुळणी, पण हात असा, की घरची माणसं चित्र बघून दुकानातच रडायला लागतात.

हा हात मास्तरांचा. मास्तर म्हणजे त्याचे चित्रकलेचे शिक्षक, सडाफटिंग माणूस. मरताना आपल्या चित्रांच्या तीन वह्या याच्या हवाली केल्या. "रोज एक पान उतरव, मगच दुसऱ्या कामाला हात लाव," एवढंच सांगितलं. गवई गळा तापवतो, तसा हा हात तापवायचा. बारा वर्षं, एका दिवसाचा खाडा नाही. वह्या संपल्या की पुन्हा पहिल्या पानापासून.

आणि तिन्ही वह्यांत एकच बाई. केस विंचरताना, खिडकीशी बसलेली, झोपलेली. डावी पापणी जरा जड, खाली आलेली. कोण होती, देव जाणे. मास्तरांच्या घरी बाईमाणूस येताना शेजाऱ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. वही उघडी दिसली की मी ती पालथी घालायचे. मला ती बाई आवडायचीच नाही.

तो घरी वही उतरवायला बसला की आई समोरच भाजी निवडत बसलेली असायची. "अरे, माझं एखादं काढ की," म्हणायची.

"तू कुठे पळून चालली आहेस? काढीन कधीही," हा म्हणायचा, आणि पुन्हा त्या बाईत डोकं. आईला फोटोचं वावडं होतं. पुढचा दात तुटलेला, म्हणून कॅमेरा दिसला की तोंडावर हात. घरात तिचे चार फोटो आहेत, आणि चारही फोटोंत मान खाली, चेहरा हाताने झाकलेला, डोळे दिसतच नाहीत. मग एक दिवस ताप आला आणि पंधरा दिवसांत ती गेली.

"आता काढ," मी त्याला म्हटलं. खरं सांगते, मला भीती वाटत होती. आईचा चेहरा माझ्या डोक्यातून पुसला जाईल, ही भीती. तो कागदावर आणू शकणारा जगात एकच माणूस होता.

सुट्टीच्या दिवशी सकाळी तो खिडकीपाशी बसला. मी शेजारी बसून सांगत होते. नाक बसकं, भुवई मध्येच तुटलेली, हनुवटीवर तीळ. सांगितलं तसं सगळं उतरलं. चित्र पुरं झालं आणि मी ते हातात घेतलं. आईच्या नाकातोंडाआडून ती बाई बघत होती.

"ही पापणी कुणाची?"

"आईची."

"मेल्या, आईची अशी होती?"

तो हळूच म्हणाला, "ताई, हात तिकडेच जातो."

मी वह्या कपाटात कुलूपबंद केल्या. त्याला डाव्या हाताने काढायला लावलं. सात कागद झाले, सातही वेळा तीच आली. शेवटी मी तणतणत त्याच्याबरोबर दुकानात गेले. मागच्या खोलीत न्यायला ठेवलेली चित्रं भिंतीला टेकवून उभी होती. एक मिशीवाले आजोबा, एक तरणी सून, शाळेच्या गणवेशातली एक पोर. सगळ्यांची डावी पापणी जड.

"कुणी तक्रार केली नाही?"

"कुणीच नाही," तो म्हणाला. "सगळे म्हणतात, हुबेहूब."

दुसऱ्या दिवशी मावशी आली, आईची सख्खी धाकटी बहीण. टेबलावरचा एक कागद उचलला आणि छातीशी धरून हमसून हमसून रडली. "माझी ताई! अगदी समोर बसल्यासारखी!"

"मावशी, पापणी बघ ना नीट. आईची अशी होती का?"

"अगं, लहानपणापासून अशीच होती. झोपेतून उठल्यासारखी. तुला आठवत नाही?"

धाकटा माझ्याकडे बघायला लागला. मी नाही म्हणावं, म्हणून त्याचा जीव टांगणीला लागला होता. मलाही मावशीला खोटं पाडायचंच होतं. मी डोळे घट्ट मिटले. आई ओट्याशी उभी होती, पाठमोरी, केस वर बांधलेले. मी मनातल्या मनात हाक मारली. ती वळली. डावी पापणी जड.

मी घाईघाईने डोळे उघडले.

"काय झालं, ताई?"

"काही नाही. ते चित्र मावशीला देऊन टाक."

"आणि तुला?"

"मला कशाला?" मी म्हटलं. "मला आता ती तशीच दिसते."