वीतभर लांब ठेवलेला तांब्या

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. जवळा बाजारात आमचं घर. लकवा मारल्याने बापाची डावी बाजू गेली होती. येत्या शिवरात्रीला त्याला पायी दर्शनाला आणीन, असा नवस मी औंढ्याच्या नागनाथाला बोलले होते. बापाला विचारलं नव्हतं.

“बाई, परसाकडला एकट्याला जाता आलं तरी मला लई झालं,” तो म्हणायचा. मला त्याची चीड यायची. एवढ्यावर भागवणारा माणूस बरा कसा होणार?

त्याने चालावं म्हणून मी पाण्याचा तांब्या रोज वीतभर लांब ठेवायचे. भिंत धरून तो तिथवर यायचा. महिन्याभरात त्याने जेमतेम उंबरा गाठला. शिवरात्र तोंडावर आली, तशी माझी तिडीक वाढली. एका सकाळी तांब्या अंगणापलीकडे फाटकाशी ठेवला आणि मी शेतात निघून गेले.

परत आले तर तांब्या भरलेलाच होता. बाप गोठ्यापाशी, दगडी डोणीच्या काठावर पालथा पडून जनावरांचं पाणी पीत होता.

“इथवर आलो बग,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी तांब्या त्याच्या उशाशी ठेवला. त्याने हातसुद्धा लावला नाही. सरपटत तो डोणीकडेच गेला.