पहिल्या श्रेणीचे गर्भ

माझ्या सासऱ्यांनी देवरूखच्या शाळेत जन्मभर पोरांना मार्क दिले. त्यामुळे कोल्हापूरच्या टेस्ट ट्यूब बेबीवाल्या डॉक्टरने आमच्या गर्भांचा फोटो हातात देऊन "दोन्ही पहिल्या श्रेणीचे" म्हटल्यावर म्हातारा फुलून गेला. "बाप कोण आहे शेवटी!" म्हणे. फोटोत डोंबल काय दिसत होतं! भिजलेले दोन साबुदाणे. सासूबाईंनी तो देवघरात कुंकवाच्या करंड्याला टेकवून ठेवला.

गर्भ पोटात सोडले, रक्ताची तपासणी पॉझिटिव्ह आली आणि आठवडाभरात सगळं वाहून गेलं. मी न्हाणीघरात बसून रडले. डॉक्टर फोनवर म्हणाला, "लॅबमध्ये आमचं काम चोख होतं. रुजलं नाही, ते तुमच्या शरीरात." झालं! गर्भ पहिल्या श्रेणीचे, मग नापास कोण? मी. नवरा भिंतीकडे बघत बसायचा. त्या भिंतीला तरी काही मत असेल, याला नव्हतं.

वर्षभराने तोच डॉक्टर रत्नागिरीत शिबिराला आला, मांडवीच्या एका हॉटेलात. सासूबाई मला घेऊन निघाल्या. मला ती इंजेक्शनं परत नको होती. पण नाही म्हटलं तर नवऱ्यासाठी दुसरी बघायची भाषा घरात सुरू झालीच होती. म्हणून मुकाट गेले.

डॉक्टरने पडद्यावर चित्रं दाखवली. पूर्वी गर्भ तिसऱ्या दिवशी पोटात सोडायचे, आता म्हणे परदेशी द्रवात पाचव्या दिवसापर्यंत लॅबमध्येच वाढवतात. ज्यांचे गर्भ काचेतच संपले त्या बायकांचं काय, ते काही बोलला नाही. मग यशाचा आकडा आला, लाल अक्षरांत, चांगला ढब्बू. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझं डोकं फिरलं, मी उठले.

"डॉक्टर, यशस्वी कोणाला म्हणता?"

"तपासणी पॉझिटिव्ह आली की यशस्वी."

"मग गेल्या वर्षीची मी कशात?"

त्याने मला ओळखलं. हसून म्हणाला, "तुमची पॉझिटिव्ह होती ना? यशस्वीच की!"

आमच्याकडे कलमाला मोहोर आला म्हणून कोणी आंब्याच्या पेट्या मोजत सुटत नाही. वर्षभर मी घरात नापासाचं तोंड घेऊन वावरले, आणि हा शिंचा मला पास धरून टाळ्या घेत होता!

तेवढ्यात शेजारून सासूबाई उठल्या. "यशस्वी ना? मग माझा नातू आण की रे मेल्या!" क्षणभर मला वाटलं, बाई माझ्या बाजूने उठली. खरंच वाटलं.

परतताना एसटीत त्या बराच वेळ धुमसत होत्या. मग माझ्या मांडीवर हात ठेवून म्हणाल्या, "याचं काही खरं नाही गो. आपण पुण्याचा दुसरा डॉक्टर बघू."

"बघा," मी म्हटलं, "आणि सूनपण दुसरी बघा."

हातखंब्याला गाडी थांबली तशी मी उतरले. माझं माहेर राजापूरकडचं, तिकडची गाडी तिथेच मिळते. सासूबाई खिडकीतून ओरडत होत्या, "अगो, तुझी पिशवी राहिली!"

पिशवीत सगळ्या रिपोर्टांची फाईल होती. मी म्हटलं, "ठेवा देवघरात."