फेल्टच्या गाळणीला तेल

अण्णाच्या मोटारसायकलला हवेची गाळणी कुठली घालायची, यावरून आम्हा दोघा भावांत आठ दिवस वाद चालला होता. साठ सालच्या आगेमागची गोष्ट. इकडे कानडी मुलखात, बसवनगुडीत राहत होतो. वडील गेले तेव्हा अण्णा सतरा वर्षांचा. त्यानेच नोकरी धरून मला आणि अक्काला वाढवलं. अक्का त्याच्याहून धाकटी, माझ्याहून मोठी. अण्णा कमी बोलायचा. मी, खरं सांगायचं तर, त्याच्या वाट्याचंही बोलायचो.

गाडीची मूळची गाळणी तारेच्या जाळीची होती. महिन्यातून एकदा ती पेट्रोलमध्ये धुवायची, इंजिनच्या तेलात बुडवायची, निथळली की परत बसवायची. धूळ त्या तेलाला चिकटून राही, इंजिनात जात नसे. हे काम माझ्याकडे होतं. ती जाळी फाटली. तसलीच कंपनीची हवी तर मद्रासहून यायला तीन-चार महिने. अण्णा म्हणाला, थांबू, तोवर गाडी उभी राहू दे. मी म्हटलं, कलासीपाळ्याच्या बाजारात इथल्या कारागिरांनी केलेली जाड फेल्टची, दाबलेल्या लोकरीची मिळते, तीही तेच काम करते. कंपनी काय सोन्याची जाळी विणते का. असं बरंच काही बोललो. आठव्या दिवशी अण्णा "सरी" म्हणाला. त्याचं "सरी" म्हणजे वाद पुरे, एवढंच. पटलं असं नव्हे.

दुकानदाराने ती देताना कन्नडात दोनदा बजावलं, हिला तेल लावायचं नाही, कोरडीच झटकायची. मी हो हो केलं. अति शहाणा, दुसरं काय.

मग खंडेनवमी आली. इथे आयुधपूजा म्हणतात. घरातलं झाडून सगळं हत्यार धुऊन, तेल लावून पूजेला मांडायचं, विळीपासून मोटारसायकलीपर्यंत. आई दरवर्षी मागे लागून करून घ्यायची. त्या दिवशी घरातलं लोखंड कोरडं राहता कामा नये, असं तिचं म्हणणं. त्या वर्षी ती घरी नव्हती. अक्का कोलारला दिलेली, तिला विषमज्वर झाला होता, म्हणून आई पंधरा दिवस तिच्याकडे राहिली होती. तेव्हा सगळं मीच केलं. विळीला तेल लावलं, कात्रीला लावलं, गाडीच्या साखळीला लावलं, आणि त्याच ओघात गाळणी काढली, धुतली, तेलात बुडवली आणि बसवून टाकली. इतक्या वर्षांची हाताची सवय. मग कुंकू, झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. गाडी अशी सजवली की गल्लीतले लोक बघून गेले.

दसऱ्याला सकाळी तार आली. अक्का अत्यवस्थ आहे, सारखी अण्णाला विचारते आहे, ताबडतोब या. बस दुपारनंतर होती. आम्ही माळसुद्धा न काढता निघालो.

कोलार चाळीसेक मैल. होसकोटेच्या पुढे गाडी गुदमरायला लागली. मागून काळा धूर, जोर म्हणून नाही, मग बंदच पडली. अण्णाने प्लग काढून पुसला, पेट्रोलची नळी फुंकून पाहिली, पुन्हा प्लग पुसला. किक मारून मारून त्याचा सदरा घामाने भिजला.

आणि मला कळलं होतं. पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं. तेल प्यालेला फेल्ट हवा आत सोडत नव्हता. एवढंच सांगायचं होतं. पण ज्या गाळणीसाठी आठ दिवस भांडलो, तिची मीच वाट लावली, हे कुठल्या तोंडाने सांगू? मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभा राहिलो. वाटलं, प्लग पुसून होईल सुरू, झाकली मूठ राहील. अक्का मरेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. सव्वीस वर्षांची होती हो ती. असा तास गेला, दीड तास गेला.

शेवटी अण्णा रस्त्याच्या कडेला बसला आणि दोन्ही हातांत तोंड घालून रडू लागला. वडील गेले तेव्हाही तो असा रडला नव्हता. तेव्हा मी म्हणालो, "अण्णा, काल मी गाळणीला तेल लावलंय."

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. उठला, गाळणी उपटून शेतात फेकली, आणि गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली.

आम्ही पोचलो तेव्हा अक्काला जमिनीवर ठेवलं होतं. जाऊन अर्धा तास झाला होता. आई म्हणाली, शेवटपर्यंत दाराकडे बघत होती, अण्णा आला का एवढंच विचारत होती. मग तिने त्यालाच विचारलं, इतका उशीर का केलास.

मी सांगणार होतो. निदान आज मला तसं वाटतं. पण अण्णा आधीच बोलला. "प्लग गेला, आई. निघायच्या आधी मी बघायला हवा होता."

आई त्यानंतर वीस-बावीस वर्षं जगली. एकही दसरा असा गेला नाही की तिने अण्णाला बोल लावला नाही. तेवढा प्लग बघितला असतास, तर माझी पोर तुझं तोंड बघून गेली असती, असं ती त्याच्या बायकापोरांसमोर म्हणायची. अण्णा मान खाली घालून जेवत राहायचा. मी शेजारच्या पाटावर असायचो. बोललो मात्र एकदाही नाही. भेकड मनुष्य मी, जिभेचाच काय तो शूर.

आईचे दिवस झाल्यावर मी अण्णाला विचारलं, तेव्हा खोटं का बोललास, आणि इतकी वर्षं तिचं का ऐकून घेतलंस.

"त्या दिवशी तिचं एक पोर गेलंच होतं," तो म्हणाला. "दुसरंही तिच्या मनातून कशाला घालवायचं?"

आईच्या पोरांत स्वतःला त्याने धरलंच नव्हतं.