सरळ केलेला डोळा

बिरूनाना फोटो हातात घेतला की आधी अर्धा चेहरा तळहाताने झाकायचे. मग दुसरा अर्धा. दोन्ही बाजू वेगवेगळ्या बघून झाल्यावरच अख्खा चेहरा बघायचे आणि तोंड उघडायचे. ते उघडलं की माझं डोकं तापायचं.

नाना धावड्याचे मेंढपाळ. मी केदारखेड्याचा. औरंगाबादेत एका स्टुडिओत काचा धूत धूत धंदा शिकलो आणि निजामाच्या अमलात जालन्यात स्वतःचं दुकान उभं केलं. कुणाचा हात धरून नव्हे. कॅमेऱ्यावर टाकायला काळी घोंगडी हवी होती. बाजारात नानांशी तासभर घासाघीस केली आणि शेवटी घोंगडीच्या बदल्यात त्यांचा फोटो काढून द्यायचं ठरवलं. सौदा माझ्या फायद्याचा होता. पुढच्या बाजाराला त्यांनी फोटो झाकून-उघडून पाहिला.

"ह्यो कोन?"

"तुम्हीच की, नाना."

"मी न्हाई. माझा मेव्हना असंल. पर त्यो बी येवढा गुळगुळीत न्हाई. घोंगडी दे वापस."

त्यांच्या सुरकुत्या घालवायला मी एक अख्खा दिवस घातला होता. फोटोत जे काळं उमटतं, ते निगेटिव्हच्या काचेवर पारदर्शक असतं. तिथे टोकदार पेन्सिलीने बारीक ठिपके भरले की सुरकुती, देवीचा वण, सगळं नाहीसं होतं. पेन्सिलीचा असा हात जालन्यात दुसरा नव्हता, आणि हे मी एकटाच म्हणत नव्हतो. तरी मला तो फोटो सुरकुत्यांसकट पुन्हा करून द्यावा लागला.

त्यानंतर नाना बाजाराला आले की दुकानाच्या पायरीवर टेकायचे आणि मी आपण होऊन आठवड्याचं काम त्यांच्यापुढे ठेवायचो. राग येणार हे ठाऊक असूनही ठेवायचो. अक्षरओळख नसलेल्या या माणसाला दिसतं तरी काय, याची मला उत्सुकता होती. एकदा विचारलं, "इतक्या मेंढ्या तुम्ही ओळखता कशा?"

"तोंडावरून. तू मानसं वळखतो, तसं."

"मला तर सगळ्या सारख्याच दिसतात."

"मला बी तुझे फोटू तसेच दिसून राह्यले."

'चांगला' हा शब्द त्यांनी मला कधी दिला नाही. फार खूश असले तर "ह्यो वळखू येतो" एवढंच.

मग राजूरच्या येसाबाईंचं काम आलं. त्यांचा कर्ता मुलगा तापाने गेला होता. त्याचा फोटो एकच, कुणाच्या तरी लग्नात घोळक्यात उभा असलेला. येसाबाईंचे दीर तो घेऊन आले. "मोठा करून द्या. पोरगं राजबिंडं दिसलं पाहिजे." मुलगा डाव्या डोळ्याने तिरपा होता. मी चेहऱ्याची मोठी निगेटिव्ह केली, जुनं बुबुळ पेन्सिलीने बुजवलं, पात्याने हलकेच खरवडून नवं मधोमध आणलं. असं काम मी पुन्हा कधी केलं नाही.

येसाबाई यायच्या दिवशी नाना आधी आले. फोटो बघून म्हणाले, "डोळा तू सरळ केला ना?"

मी चपापलो. मूळ फोटो नानांनी पाहिला नव्हता, मुलालाही नाही. "कशावरून?"

"मान बघ. वळवून धरली हाय. तिरप्या डोळ्याचं मानूस अशी धरतं, समोरचं नीट दिसावं म्हनून. डोळा सरळ असता तर मान कशापायी वाकडी केली असती?"

बरोबर होतं. बरोबर होतं म्हणूनच भडकलो. दोन गिऱ्हाइकं ऐकत होती. "तुम्ही मेंढ्या वळा, नाना! दुकान मला चालवू द्या!"

नानांनी काठी उचलली. "त्याच्या मायला दाव आदी," म्हणाले आणि गेले.

येसाबाई आल्या. फोटो मांडीवर घेऊन बराच वेळ बघत राहिल्या. "लई देखनं पोर हाय, दादा. माझं कवा देनार?"

"वहिनी, हाच तो," दीर म्हणाले.

त्यांनी मान हलवली. त्या भांडल्या असत्या तर मी पुरून उरलो असतो. भांडणाऱ्याला काय बोलायचं हे मला येतं. त्या नुसत्या बसून राहिल्या. मी लग्नातला फोटो पुन्हा कॅमेऱ्याखाली घेतला आणि या खेपेस पेन्सिल हातात धरली नाही. दुसरा फोटो येसाबाईंनी पदराने पुसला. "येक डोळा माझ्याकडं, येक दाराकडं. असाच बघायचा," म्हणाल्या आणि मग त्यांना रडू फुटलं.

त्यानंतर प्रत्येक बाजाराला माझं लक्ष पायरीकडे. नाना आले नाहीत. पावसाळा सरल्यावर सरळ डोळ्याचा एक आणि तिरप्या डोळ्याचा एक, असे दोन्ही फोटो कागदात गुंडाळून मी धावड्याला गेलो. नानांची सून अंगणात आली. "मामंजी तर गेले की. मेंढरं घेऊन गेल्ते, तिकडंच आजारी पडून वारले."

मी विचारलं, "माझ्याविषयी कधी काही बोलले?"

"जालन्याचा फोटूवाला लई तापट, म्हनायचे. पर शिव्या देतो आन फोटू बी दावतो, म्हनायचे."

चुकलो, हा शब्द मी तोवर बापासमोरही काढला नव्हता. तो घेऊन एवढ्या लांब आलो होतो आणि ऐकायला माणूस नव्हता. सौदा अर्धा टाकून उठणारा माणूस मला खपत नाही. बिरूनानांवर माझा तो राग अजून आहे.