बोट बाहेर होतं

निवडणूक लागली की लायसनवाल्यांनी आपापली बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, ही पद्धत. आम्हा बँकेच्या गार्डांना कधी सूट मिळायची, कधी नाही. मुलुंडला आम्ही पंधरा-वीस जण रांगेत उभे असायचो आणि खांद्यावरच्या जवळजवळ प्रत्येक बंदुकीवर एकच शिक्का असायचा. त्या कंपनीचं नाव मी इथे घेत नाही. तेव्हाही कोणी घ्यायचं नाही, नुसतं ‘कंपनीची’ म्हटलं की झालं. एखाद्याच्या हातात दुसरी बंदूक दिसली तर आम्ही विचारायचो, ‘काय रे, सासऱ्याने दिली का?’

गावी माझ्या वडिलांकडे वानर-डुकरांपासून शेत राखायला कंपनीची दुनळी होती. खंडेनवमीला ते आधी त्या शिक्क्याला कुंकू लावायचे, मग देवाला. आई करवादायची. तीच दुनळी घेऊन मी मुंबईला आलो, आणि बंदूक स्वतःची म्हणूनच गार्डची नोकरी लागली. वीस वर्षं वापरली, एकदा दगा दिला नाही. शेवटी नळ्या आतून खराब झाल्या तेव्हा मी नवी घ्यायची ठरवली. अर्थात कंपनीचीच.

शाखेत ड्युटीला माझा जोडीदार होता, मालवणकडचा. मी तोंडाळ आणि तो गरीब, म्हणून जमायचं. त्यालाही नवी घ्यायची होती, पण त्याचं मन दुसऱ्या कंपनीच्या बंदुकीवर बसलं होतं. दुकानदारसुद्धा म्हणाला, ‘काका, आता यांचं पूर्वीसारखं राहिलं नाही. लोक परत घेऊन येतात.’ मी त्या दुकानदाराला असा झापला की विचारू नका. जोडीदाराला म्हटलं, ‘माझ्यावर विश्वास आहे ना? मग गपचूप घे.’ आम्ही दोघांनी एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या दोन बंदुका घेतल्या. नंबरसुद्धा लागोपाठचे.

वर्षभरात तो दोनदा माझ्याकडे आला. म्हणाला, ‘सेफ्टी लावलेली आसता, तरी आतसून काय तरी सैल लागता रे.’ मी म्हटलं, ‘सैल तू आहेस. कंपनीची आहे ती.’ दुसऱ्यांदा तर मी चहावाल्यासमोर हसलो त्याला. तो पण हसला. तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही.

मग ती दुपार. जेवणाची सुट्टी संपत आली होती. तो दाराजवळ स्टुलावर बसलेला, बंदूक मांडीवर आडवी. आमचा म्हातारा शिपाई हातात फायली घेऊन आला, म्हणून जाळीचं दार उघडायला हा उठला. उठताना बंदुकीचा दस्ता जाळीला आपटल्याचा आवाज आला आणि बार उडाला. शिपाई खाली बसला. मला आधी वाटलं फायली उचलायला बसला, मग फरशी दिसली. त्याचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

जोडीदार एकच वाक्य बोलत होता, ‘बोट भायर होता माझा. बोट भायर होता.’ चापाच्या कडीबाहेर, असं त्याला म्हणायचं होतं. पोलीस आले. मी सीनियर, शिवाय बंदूकही तीच वापरणारा, म्हणून मला विचारलं, सेफ्टी लावलेली असताना ही आपोआप उडू शकते का? खरं सांगतो, बार उडाला त्या क्षणी मी रजिस्टरवर सही करत होतो. त्याचं बोट मी बघितलंच नव्हतं. ‘मला माहीत नाही’ एवढं म्हणायचं होतं. पण मला राग आला, कसला ते आजही सांगता येत नाही. माझ्या वडिलांच्या बंदुकीबद्दल कोणीतरी वाईट बोलतंय असं काहीतरी वाटलं असावं. मी म्हणालो, ‘कंपनीची बंदूक आपोआप उडत नाही. त्याचं बोट असणार.’ तसंच लिहून घेतलं, मी सही केली. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. चिडून नाही हो. विचारात पडल्यासारखं.

त्याची नोकरी गेली, लायसन गेलं. मी त्याच्या घरी गेलो नाही. तोंड नव्हतं असं नाही, उलट मला वाटत होतं की त्यानेच मला येऊन सांगावं, चुकलो म्हणून. असा माज होता माझा.

पुढे मी रिटायर झालो. मागच्या निवडणुकीला पुन्हा त्या रांगेत उभा राहिलो. रांगेत आमच्या शिक्क्याच्या बंदुका राहिल्या होत्या तीन. त्यातल्या एकाने शिक्क्यावर काळी पट्टी चिकटवली होती. मी म्हटलं, ‘लाज वाटते का कंपनीची?’ तो म्हणाला, ‘भीती वाटते काका. विकायला काढली तर गिऱ्हाईक नाही. दस्ता कुठे आपटला तर सेफ्टी लावलेली असतानाही घोडा पडतो हिचा. या नव्या सगळ्यांचा तोच प्रॉब्लेम, तुम्हाला माहीत नाही?’ पुढचा माणूस वळून म्हणाला, ‘माझ्या बंदुकीचा तर घरीच पडला. नशीब, रिकामी होती.’ सगळे हसले. मी खांद्यावरची बंदूक उतरवून दोन्ही हातांनी धरली.

निकाल लागल्यावर बंदूक परत मिळाली. घरी दार लावून मी दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत याची दोनदा खात्री केली. घोडा चढावा म्हणून बिजागरीवर मोडून पुन्हा बंद केली, सेफ्टी लावली, बोट लांब ठेवलं आणि दस्ता दाराच्या चौकटीवर आपटला. काही नाही. पुन्हा आपटला. टक्.

घोडा पडला होता. आत काडतूस असतं तर समोरची भिंत फुटली असती. मी तिथेच खाली बसलो. बायको बाहेरून विचारत होती, ‘अहो, काय झालं?’ तेव्हापासून तो आवाज गेलेला नाही. बरणीचं झाकण लागलं, लिफ्टचं बटण दाबलं, कोणी पेन उघडलं तरी मी दचकतो, आणि प्रत्येक वेळी फायली घेतलेला म्हातारा खाली बसतो. खंडेनवमीला बायकोने ताट आणलं. मी म्हटलं, आत ने ते.

दोन महिने हिंमत झाली नाही. मग एक दिवस सकाळीच बंदूक कव्हरमध्ये घालून साकीनाक्याला गेलो. जोडीदार तिथे एका कारखान्याच्या गेटवर असतो, आता हातात फक्त काठी. खूप वाळलाय. मला बघून शिव्या घालेल वाटलं होतं, तर म्हणाला, ‘ये रे मेल्या. च्या घेतलंस?’

केबिनमध्ये बसल्या बसल्या मी सगळं सांगून टाकलं. ‘बोट तुझं नव्हतं रे. बंदूकच खराब होती. चल माझ्याबरोबर, मी नवीन जबाब देतो, माझं चुकलं म्हणून लिहून देतो.’ सांगताना रडलो मी. म्हातारपणी रडायला काय लागतं?

त्याने चहा माझ्यापुढे सरकवला. म्हणाला, ‘नाय रे. बोट लागला आसतला माझा. तू सांगलंस तेवा माका पण तसाच वाटाक लागला. तू कित्याक खोटा सांगशीत?’ दर महिन्याला तो कुर्ल्याला त्या शिपायाकडे जातो, त्याला दवाखान्यात नेतो आणतो. ‘माफी मागलंय मी. तेणां दिली पण.’

मी कव्हर काढलं. म्हटलं, हे बघ, स्वतःच बघ. त्याने बंदूक हातात घेतली आणि आधी शिक्क्यावरून अंगठा फिरवला. उघडून नळ्या बघितल्या, बंद केली, सेफ्टी लावली. दस्ता भिंतीवर आपटला. एकदा, दोनदा, तीनदा. मी देवाचा धावा करत होतो की पडू दे, एकदा तरी पडू दे तो घोडा. नाही पडला.

‘बघलंस?’ त्याचा चेहरा किती उजळला होता. ‘कंपनीची आपोआप उडणा नाय. तू घट धरूक नाय आसशीत.’ माझंच वाक्य, माझ्याच खात्रीने.

बंदूक कव्हरमध्ये घालून मी निघालो. रिक्षात बसताना दस्ता खाली पत्र्याला लागला.

टक्.

‘काय पडलं काका?’ रिक्षावाल्याने विचारलं.

‘काही नाही,’ मी म्हणालो, आणि लगेच म्हणालो, ‘थांब, थांब जरा.’ मागे वळून बघितलं. तो गेटवर उभा होता, ट्रकवाल्याला हात करत. दुसऱ्या हातात काठी होती. चार बोटांनी धरलेली. अंगठ्याशेजारचं बोट काठीला न लावता सरळ बाहेर ठेवलेलं होतं.