सर्जेरावकाकांना वाकून नमस्कार चालत नसे

"गेले गं तुझे काका," असा काकूंचा फोन आला तेव्हा मी इथे विलायतेत, स्लाऊच्या ऑफिसात होते. त्याला आता महिना झाला. सर्जेरावकाका म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे काका, राहायला पिनरला. शोकसभेत लोक त्यांच्या शिस्तीबद्दल बोलले, बागेतल्या गुलाबांबद्दल बोलले. जी गोष्ट त्यांना जन्मभर आतून पोखरत होती ती तिथे माझ्याशिवाय कुणाला ठाऊकच नव्हती. मी गप्प बसून ऐकत होते आणि माझा नुसता संताप होत होता.

लग्न होऊन पुण्याहून इकडे आल्यावर पहिल्याच रविवारी मी त्यांच्या पाया पडायला वाकले. काका ओरडलेच, "स्टँड अप! सरळ उभी राहा!" माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. स्वभावच तसा, मनाला लावून घेऊ नकोस, असं सगळे म्हणाले. पण मी पडले तोंडाळ. पुढच्या खेपेस ते स्टेशनवर सोडायला आले तेव्हा कारमध्ये विचारलंच, "काका, माझं काय चुकलं होतं?"

ते इंजिन बंद करून सांगू लागले. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडलं तेव्हा ते इंग्रजांच्या फौजेत होते. जपान्यांनी त्यांना कैदी करून न्यू गिनीच्या जंगलात नेलं. तिथे दिसेल त्या जपानी शिपायापुढे कमरेत वाकायचं, नाहीतर पाठीत काठी. त्यांच्याच गावचा गणपत तापाने फणफणलेला, त्याला वाकता आलं नाही. छावणीच्या अधिकाऱ्याने काकांच्या डोळ्यांदेखत त्याला मारून टाकलं.

युद्ध संपल्यावर इंग्रजांनी सिंगापुरात त्या अधिकाऱ्यावर खटला भरला. गणपतच्या आईला शब्द देऊन काका साक्षीला गेले. आरोपीला समोर आणलं, आणि "ओळखा" म्हणायच्या आत काका कमरेत वाकले.

"पाठ आपोआप गेली गं खाली," ते म्हणाले. "कोर्टात कुणीतरी हसलंसुद्धा."

बचावाच्या वकिलाने तेवढंच धरलं. छळ झाला असता तर हा माणूस आजही इतक्या आदराने वाकला असता का? दुसरा साक्षीदार जिवंत नव्हता. खुनाचा आरोप टिकला नाही. मारहाणीची थोडीफार शिक्षा भोगून तो माणूस आपल्या घरी गेला. पाठ का वाकली, हे एकाही न्यायाधीशाला विचारावंसं वाटलं नाही, आणि म्हणे जगाला कायदा शिकवायला निघाले होते!

"गणपतच्या आईला कुठल्या तोंडाने भेटणार? मिळेल ते काम धरून देश सोडला," काका म्हणाले. काकूला सांगू नकोस, हेही बजावलं.

गेल्या रविवारी काकू आणि मी चॅरिटी शॉपला द्यायला त्यांचे स्वेटर घड्या करत होतो. मला राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. काकूंचे हात थांबले.

"लग्नात मी यांच्या पाया पडले तर यांनी पाय मागे घेतले होते..." त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मी पसंत नाही. आत्तापर्यंत तेच वाटत होतं गं."